जिना वाजत नाही

१२ जानेवारी

टिटवे,

आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. घरात फोन असताना आजी पत्र का लिहिते, तर फोन तुझ्या आईच्या खिशात असतो आणि तिचे कान फोनपेक्षा लांब पोचतात. हे पत्र मी स्वतः चालत जाऊन पेटीत टाकणार आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. शाळेत फार गेले नाही, आणि गेले तेव्हाही खिडकीतून बाहेर बघत बसायचे.

तुझ्या आजोबांना दवाखान्यातून घरी आणलंय. हृदयाचा पंप थकलाय म्हणे. पाय असे सुजले होते की बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहायचा, आणि आडवं झालं की धाप लागायची. आता एक पांढरी गोळी दिलीय, सकाळी उठल्याबरोबर घ्यायची. लघवीची गोळी. ती पोटात गेली की थोड्याच वेळात माणूस जिन्याकडे धावतो. आपला जिना तुला माहीत आहे. शिलाईची खोली वर, संडास खाली मागच्या अंगणात, आणि मधली पायरी पाय पडला की किंचाळते. सकाळभर ती किंचाळत असते. गिऱ्हाईक हात पसरून उभं, ह्यांच्या गळ्यात टेप, आणि हे "आलोच" म्हणून खाली पळतात. परवा शाळेचे मास्तर कोटाचं माप द्यायला आले होते, ते बिचारे हात वर करून ताटकळत राहिले. मी म्हटलं, "मास्तर, हात खाली घ्या, तुमचा नंबर यायला वेळ आहे."

हसण्यावारी नेऊ नकोस. सूज उतरली हे खरं, पण माणूसही उतरला. गालफडं बसली, विजार कमरेवर राहीना. पाणी जातंय का मांस जातंय, कोण बघतंय? आणि गोळ्या कुठे, तर तुझ्या आईच्या कपाटात, किल्ली लावून. माझ्या नवऱ्याच्या गोळ्या माझ्या हातात नाहीत. म्हणते, "आई, तुम्हाला इंग्रजी नावं वाचता येत नाहीत, उगीच चूक व्हायची." पन्नास वर्षं त्या माणसाच्या सुया, दोरे आणि लहरी मी सांभाळल्या, तेव्हा नाही झाली चूक. औषध आहे तर कुलूप कशाला? तुझा बाप मालगाडीवर, तो आठवड्यातून दोनदा तोंड दाखवतो, त्याला विचारून उपयोग नाही.

तू हृदयाच्या वॉर्डात नर्स आहेस, म्हणून तुला विचारते. ही गोळी काय करते ते खरं लिही. आणि ती तुझी आई आहे हे बाजूला ठेवून लिही.

तुझी आजी

---

१९ जानेवारी

प्रिय आजी,

तुझं अक्षर लागलं. टोमणे तर न वाचताही लागले.

गोळी योग्य आहे. ऐक. मूत्रपिंडात रक्त गाळलं जातं आणि गाळलेलं मीठ-पाणी बारीक नळ्यांतून जातं. त्यातलं जवळजवळ सगळं शरीर परत आत ओढून घेतं, म्हणून तर आपण वाळत नाही. ती नळी मध्येच केसांतल्या आकड्यासारखी वळते. आजोबांची गोळी त्या वळणावर बसते आणि मिठाला परत आत येऊ देत नाही. मीठ बाहेर राहिलं की पाणी त्याच्यामागे जातं. लघवीच्या गोळ्यांतली ही जात सगळ्यांत जोरकस आणि झटपट असते, म्हणून ती धावपळ. हृदय थकलं की पाणी अंगात साचतं, पायांत आणि फुफ्फुसांत. ते काढलं म्हणून आजोबांना आता आडवं झोपता येतंय. उतरलं ते मांस नाही, साचलेलं पाणी. त्यांचा खरा चेहरा तुला इतके दिवस दिसलाच नव्हता.

गोळीचा एक दोष आहे. मिठाबरोबर पोटॅशियम नावाचा क्षारही वाहून जातो. तो स्नायूंना लागतो, हृदयाच्या ठोक्यालाही लागतो. पायात गोळे आले, गळून गेल्यासारखं वाटलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. रोज सकाळी त्यांचं वजन करा. उठताना त्यांनी आधी खाटेच्या काठावर बसावं, मग उभं राहावं, नाहीतर चक्कर येते.

आणि गोळ्या आईकडेच राहू देत, आजी. ती काळजीने ठेवते. तू तिच्यावर डोळा ठेवतेस हे तिला कळत नाही असं समजू नकोस.

तुझी टिटवी

---

२ फेब्रुवारी

टिटवे,

कळू दे तिला. डोळे त्यासाठीच असतात.

तू म्हणालीस तसंच झालं. ह्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. मशीनचा पायडल मारता मारता पाय आखडायचा आणि म्हातारा शिव्या द्यायचा, मला नव्हे, मशीनला. कात्रीसुद्धा जड लागते म्हणाले. मी केळी आणून ठेवली. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि आणखी एक गोळी वाढवली. तीही लघवीचीच! मी विचारलं, एका कामाला दोन माणसं कशाला? तर तुझी आई म्हणाली, "आई, ही वेगळ्या जातीची आहे." आणि माझी केळी उचलून शेजारी देऊन टाकली. बाजारातून कमी खारं म्हणून विकतात ते मीठ मी आणलं होतं, तेही लपवून ठेवलं. विचारलं तर म्हणते, "डॉक्टरांनी नको सांगितलंय."

आता मला सांग, पहिल्या गोळीला केळी चालायची आणि दुसरीला नको, हे कसलं डॉक्टरी? मला तर वाटतं, मी जे आणेन ते ह्या घरात चालायचं नाही, एवढाच नियम आहे. तिचं हल्ली काय चाललंय ते मला कळत नाही. म्हणे, "बाबांनी आता काम बंद करावं, ही खोली मोकळी झाली तर हवा येईल." हवा! त्या खोलीत तुझे आजोबा बसतात, हवेला जागा लागते काय?

दुसऱ्या गोळीचं खरं लिही. काही लपवू नकोस. तू लपवलंस की तुझी वाक्यं छोटी होतात, लहानपणापासून.

आजी

---

१० फेब्रुवारी

प्रिय आजी,

आईचं बरोबर आहे. केळीचंही आणि मिठाचंही.

दुसरी गोळी नळीच्या अगदी शेवटी काम करते. शरीरात एक रस असतो, तो मूत्रपिंडाला सांगत राहतो, "मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे." थकलेल्या हृदयाच्या माणसात तो रस उगीच जास्त आरडाओरडा करतो. ही गोळी त्याचा आवाज बंद करते. म्हणून थोडं मीठ-पाणी जातं आणि पोटॅशियम मात्र आत राहतं. एकटी ती फार पाणी काढत नाही, पण पहिलीने केलेली गळती भरून काढते आणि हृदयालाही सांभाळते. आता पोटॅशियम आत राहतंय, त्यावर तू केळी चारलीस आणि ते बाजारातलं मीठ घातलंस, जे निम्मं पोटॅशियमच असतं, तर ते रक्तात भलतंच वाढेल. वाढलं तर ठोका चुकतो, थांबतोही. म्हणून आईने उचललं.

बाकी काही किरकोळ त्रास होऊ शकतात. झाले तर आजोबा डॉक्टरांना सांगतील.

कामाची घाई आहे.

टिटवी

---

१८ मार्च

टिटवे,

शेवटची वाक्यं छोटी होती. मी बघितलं. पण आता त्याहून मोठं प्रकरण आहे, ते नीट वाच.

जिना वाजत नाही.

गोळी घेतल्यावर सकाळी ती पायरी किंचाळायला हवी. गेले काही आठवडे किंचाळत नाही. म्हातारा चहा पितो, मशीनवर बसतो आणि दुपारपर्यंत उठत नाही. मी आधी म्हटलं, अंगाला सवय झाली असेल. पण पायांवर पुन्हा खड्डे पडायला लागले. पुन्हा उशीवर उशी.

दुसरं. माणूस बाहेरून वाळतोय आणि त्याचे सदरे मोठे होतायत. तीन सदरे स्वतःच्या हाताने उसवून छातीत सैल केले. घरात, भर दुपारी, वरून जाकीट घालून बसतात. अंघोळीला कडी लावतात, ज्याने आयुष्यात अंघोळीला कडी लावली नाही. मी पाठीला हात लावायला गेले तर दचकून बाजूला झाले, जशी मी परक्याची बाई.

तिसरं आणि खरं. शिलाईच्या खोलीत तुझी आई आणि हे कुजबुजत होते. मी दाराशी होते. हे म्हणाले, "तिला कळता कामा नये." ती म्हणाली, "बाबा, असं किती दिवस चालायचं?" मी आत गेले तर ती बटणांचा डबा हातात घेऊन उभी! तुझ्या आईला बटण लावता येत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

मला वाटलं, गोळ्याच खोट्या असतील. खडूच्या. तपासायचं कसं? ती कपाट उघडं टाकून दारात दूधवाल्याशी बोलत होती, तेवढ्यात मी पहिल्या पाकिटातली एक काढली आणि स्वतः गिळली. टिटवे, दुपारपर्यंत तो जिना मीच वाजवत होते. शेवटी खालीच बादली पालथी घालून बसले, म्हटलं वर जाऊन पुन्हा येण्यात काय शहाणपण. म्हणजे गोळी खरी आहे! मग ती कपाटातून निघते आणि ह्यांच्या पोटात पोचत नाही. मध्ये कोण आहे? एकच माणूस आहे.

ती तुझी आई आहे, मला माहीत आहे. म्हणूनच आधी तुला लिहिलं. तुझ्या बापाला लिहिलं असतं तर त्याने पत्र तिलाच वाचायला दिलं असतं.

आजी

---

२५ मार्च

आजी,

दुसऱ्याची गोळी गिळलीस? या वयात? रक्तदाब कोसळून जिन्यावरून पडली असतीस तर? पुन्हा असं केलंस तर मी येऊन तुझ्याच खोलीला कुलूप लावीन.

आता मीही स्पष्ट लिहिते. माझ्या आईवर असा संशय घेतलेला मला चालणार नाही. सूज परत आली की आम्ही वॉर्डात आधी एकच गोष्ट विचारतो: मीठ कोण घालतंय? गोळी मीठ बाहेर काढते, आणि ताटातून ते परत आलं तर ती हरते. आईने मला मागेच सांगितलं होतं की तू त्यांच्या अंड्यावर लपवून मीठ टाकतेस. ती तुला बोलली नाही, कारण तू घर डोक्यावर घेतलं असतंस. आधी ते बंद कर.

आणि आजोबांना या आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. आईला बरोबर जाऊ दे, तिला सगळं माहीत असतं.

टिटवी

---

४ एप्रिल

टिटवे,

मीठ मी टाकत होते. चिमूटभर. त्या माणसाला अळणी अंडं खाताना बघवत नव्हतं. केव्हाच बंद केलंय. पण चिमटीने पाय सुजतात आणि कुलपाने सुजत नाहीत, हे तुझ्या शाळेत शिकवतात काय?

डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. तुझ्या आईला घरी बसवली. निघताना दारात ती काहीतरी बोलायला लागली, "आई, डॉक्टरांना एक सांगायचं होतं," मी म्हटलं, आल्यावर सांग. डॉक्टरांनी पाय दाबले, छाती ऐकायला गेले तर म्हातारा जाकीट काढेना, म्हणाला थंडी वाजते. मग पाठीवरूनच ऐकलं. विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" हे मान हलवून मोकळे. डॉक्टर म्हणाले, "मग सध्याच्या पुरत नाहीत." पहिली दुप्पट केली, दुसरी तशीच ठेवली आणि वर तिसरी दिली. तिसरी आधी घ्यायची आणि अर्ध्या तासाने पहिली. रक्त तपासायला आठवड्याने बोलावलंय.

घरी आल्याबरोबर मी कपाटाची किल्ली मागितली. दे म्हटलं, आत्ता. तिने दिली. मग म्हणते कशी, "आई, एकदम सगळ्या नका देऊ. मी एकदा डॉक्टरांना फोन करते." बघितलंस? मी म्हटलं, "इतके दिवस पोचू दिल्या नाहीस, आता पोचतायत तर पोटात दुखतंय?" रडायला लागली. चोर पकडला की रडतोच.

आता मी ह्यांना समोर बसवते, गोळी जिभेवर ठेवते, पाणी पाजते, आणि मग तोंड उघडायला लावते. जीभ वर, जीभ खाली. घोडा विकत घेताना बघतात तसं. आणि काय सांगू, जिना वाजतोय! पहिल्यापेक्षा दुप्पट वाजतोय. पाय उतरले. वजन रोज खाली. तोंड कोरडं पडतंय म्हणतात, डोकं हलकं वाटतंय म्हणतात, पण ते मला टाळायला. तुझ्या आईशी मी बोलत नाही. तुझा बाप आला की त्याच्यासमोर सगळं काढणार आहे.

कोण खरं ठरलं?

आजी

---

२१ एप्रिल

आजी,

तुझं पत्र मला मिळालं त्याच सकाळी मी फोन केला. कोणी उचलला नाही. तेव्हा तुम्ही सगळे दवाखान्यात होतात.

मी येऊन गेले, पण तू माझ्याशी बोलली नाहीस. भिंतीकडे तोंड करून बसलीस. म्हणून जे तोंडावर सांगता आलं नाही ते लिहिते.

तिसरी गोळी तिसऱ्या जातीची होती. पहिली नळीच्या वळणावर मीठ अडवते. तिथून निसटलेलं मीठ पुढच्या भागात शरीर परत ओढून घ्यायला बघतं. तिसरी तो पुढचा दरवाजाही बंद करते. दोन्ही दारं एकदम बंद झाली की पाणी लोंढ्यासारखं जातं. ज्याच्यावर पहिली गोळी चालेनाशी झालीय अशा रोग्यासाठी तो उपाय आहे. डॉक्टरांना वाटलं, आजोबा तसे रोगी आहेत. पण त्यांच्या पोटात पहिली गोळी जातच नव्हती, आईने मला निघताना सांगितलं! उपाशी माणसाला जेवण पुरत नाही असं समजून तिप्पट ताट वाढावं आणि वाढणारीने जबरदस्तीने सगळं भरवावं, तसं झालं. अंगातलं पाणी संपलं, क्षार घसरले, रक्तदाब खाली गेला, मूत्रपिंडाने काम टाकलं. आजोबा जिन्यावर कोसळले ते म्हणून.

आईने गोळ्या अडवल्या नव्हत्या. आणि तू त्या प्रेमाने दिल्यास की रागाने, याचं मी काही बोलत नाही.

माझाही वाटा आहे. फेब्रुवारीत मी "किरकोळ त्रास" असं लिहिलं आणि पुढे घाई दाखवली. कसली घाई नव्हती. दुसऱ्या गोळीचं रूप अंगातल्या काही रसांशी मिळतं, त्यामुळे काही पुरुषांची छाती सुजते, दुखते. हे आम्हाला तोंडपाठ असतं. पण आजोबांबद्दल तुला कसं लिहायचं, या लाजेने मी ते गाळलं. तू सदरे, जाकीट, कडी, सगळं लिहिलंस, आणि मी फक्त आईची बाजू घेत बसले.

मी वॉर्डातून निघाल्यावर डॉक्टर पुन्हा आले होते ना? आजोबा काय म्हणाले? आई सांगत नाही. म्हणते, "ते तुझ्या आजीला विचार."

टिटवी

---

२ मे

टिटवे,

आजोबा घरी आले. खातायत, कुरकुरतायत, म्हणजे बरे आहेत. मूत्रपिंड पुन्हा कामाला लागलंय, रक्त तपासून खात्री केली, आणि कागदावर काय लिहिलंय ते तुझ्या बापाकडून दोनदा वाचून घेतलं. एकदा वाचून माझा विश्वास बसत नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते. नाहीतर सांगणार नव्हते.

त्यांना बाटली लावली होती. तीन गोळ्यांनी काढलेलं पाणी थेंब थेंब परत भरत होते, आणि तेही भीतभीत, जास्त झालं तर पुन्हा छातीत साचेल म्हणून. मी म्हटलं, तुमचं ठरवा बाई एकदा, काढायचं की घालायचं. तेवढ्यात डॉक्टर आले. विचारलं, "या गोळ्या नियमित घेत होते?"

मी म्हटलं, "एक चुकली नाही. माझ्या डोळ्यांदेखत."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी माझ्या सुनेच्या हातात होत्या. तिलाच विचारा." हे मी कसं म्हटलं असेल ते तू ओळखतेस.

तुझी आई म्हणाली, "त्याआधी घेतच नव्हते, डॉक्टर. मी द्यायची, ते गालात धरायचे आणि नंतर बटणांच्या डब्यात टाकायचे. पांढऱ्या बटणांत पांढऱ्या गोळ्या. मला सापडल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. मी रोज विनवत होते. त्या दिवशी तुम्हाला सांगायला येणार होते, पण..." आणि तिथे थांबली. "पण" नंतर माझं नाव होतं. तिने घेतलं नाही.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "का हो आजोबा?" ह्यांनी डोळे मिटून घेतले. मी पुढे झाले, म्हटलं, "अहो, बोला की आता. जीव जाता जाता राहिला, अजून कोणाची वाट बघताय?"

तर डोळे उघडून म्हणाले, "तू आधी बाहेर जा."

मला! तुझ्या आईला नाही, डॉक्टरांना नाही, मला. नर्सने पडदा ओढला. मी बाहेर गेले. म्हणजे पडद्याच्या बाहेर.

आतून आवाज आला. "छाती आलीय, डॉक्टर. बायकांसारखी. सदरा घासला तरी दुखते. मी आधी टेपने मोजलं, मग आठवड्याने पुन्हा मोजलं. आयुष्यभर लोकांच्या छातीची मापं घेतली, माझा हात चुकत नाही. कुठल्या गोळीने झालं ते कळेना. आमच्यात कोट बिघडला की कुठला टाका चुकला ते शोधत बसत नाहीत, सगळा उसवतात आणि पहिल्यापासून शिवतात. म्हणून सगळ्याच बंद केल्या."

डॉक्टर म्हणाले, "घरी का नाही सांगितलं? एवढ्या हुशार पत्नी आहेत."

"म्हणूनच," हे म्हणाले. "ती हसली असती. आणि तिचं हसणं एका दिवसात संपत नाही."

टिटवे, तुला खोटं कशाला लिहू. मला पडद्यामागे हसू आलं. टेप घेऊन, कडी लावून, आरशासमोर माप घेणारा म्हातारा डोळ्यांसमोर आला आणि मी तोंडावर हात दाबून धरला. मग लक्षात आलं की तो माणूस हेच म्हणत होता. माझ्या एका हसण्यापेक्षा त्याला पायाला सूज आलेली परवडली, धाप परवडली. मग हसू आपोआप गेलं. तुझी आई शेजारी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी भांडले असते, म्हणून नसेल बघितलं.

डॉक्टर म्हणाले, यात लाजण्यासारखं काही नाही, हा दुसऱ्या गोळीचा दोष, तिच्याच जातीची वेगळी गोळी मिळते, ती छातीच्या वाटेला सहसा जात नाही. आली ती सूजही हळूहळू उतरेल म्हणाले, पण उतरेलच असं लिहून देणार नाही. तिसरी गोळी बंद. पहिली होती तेवढीच. पुन्हा आठवड्याने रक्त.

किल्ली मी तुझ्या आईसमोर टेबलावर ठेवली. ती म्हणाली, "आई, तुमच्याकडेच राहू दे." मी म्हटलं, "मला नावं वाचता येत नाहीत." तिने ती उचलली. एवढंच. गळ्यात गळे घालण्याइतक्या आम्ही दोघी म्हाताऱ्या झालेलो नाही. मी अजून तिच्यावर डोळा ठेवते. तिनेही माझ्यावर ठेवावा, मीठ माझ्याच हाताशी असतं.

सकाळी ती त्यांना गोळी देते, तेव्हा मी खोलीतून बाहेर जाते. कोणी सांगितलेलं नाही. ते तोंड उघडून तिला दाखवतात म्हणे, स्वतःहून. माझ्यासमोर उघडत नाहीत. मी बघायला मागत नाही.

आता तुझ्याकडे एक काम आहे. ह्यांच्या पलीकडच्या खाटेवर एक म्हातारा होता, उकडत असूनही चादर गळ्यापर्यंत ओढून. पलीकडच्या रांगेतही तसाच एक होता. तुझ्या वॉर्डातही असतील. त्यांना गोळीचं नाव विचारू नकोस, छातीचं विचार, सरळ. लाजू नकोस, तुला त्याचाच पगार मिळतो. पण विचारायच्या आधी बायकोला बाहेर काढ. आणि काढलीस की पडदा बाजूला करून बघ, ती तिथेच उभी असेल.

आजी